झिजलेल्या रायफलीचे मोल

प्रश्न : अमेरिकेतील संग्राहक विंचेस्टर १८९४ ही शिकारी रायफल चकचकीत करून घेण्याऐवजी झिजलेलीच का पसंत करतात?

उत्तर : जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ही रायफल शिकारी एका हातात, मधोमध तोल साधून नेत असत, त्यामुळे नेमक्या त्याच जागी पोलादाची निळसर काळी झिलई उडून रुपेरी धातू उघडा पडतो, तर खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानात घासून नळीच्या तोंडाशी वेगळीच झीज दिसते. अशी झीज वापराशी जुळते, म्हणून ती खरी मानली जाते. नवी झिलई चढवण्यापूर्वी पोलाद घासताना कोरीव अक्षरे पुसट होतात, कडा बोथटतात आणि हे नुकसान भरून येत नाही. गंज मात्र निव्वळ हयगयीचा पुरावा. त्यालाही जुनेपणाची शोभा म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांबच राहावे.