हॅमरच्या डायसाठी डीबी-६ सोडून एच-१३ घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक टनाचा फोर्जिंग हॅमर (तापलेलं लोखंड ठोकून घडवणारं यंत्र), माल म्हणजे ट्रॅक्टरचे छोटे लिव्हर आणि योक, डाय (ज्या साच्यात माल ठोकला जातो त्या) डीबी-६ स्टीलच्या. त्या लवकर जातात म्हणून पुरवठादार म्हणतो एच-१३ घ्या, महाग आहे पण टिकेल.

घाई करू नका. मी बावीस वर्षं डाय शॉपमध्ये काढलीत, आधी भोसरीत आणि मग चाकणला. तुमच्या प्रश्नात मला हवी असलेली एकच गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: डाय जाते म्हणजे नेमकी कशी जाते? घासते, दबते, की तडकते? तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की रोगी दगावतो.

आधी हे दोन स्टील काय आहेत ते बघू. डीबी-६ म्हणजे जर्मन नंबर १.२७१४. त्यात कार्बन साधारण ०.५५ टक्के, निकेल १.७ च्या आसपास, क्रोमियम एक, मॉलिब्डेनम अर्धा टक्का. यातला खरा माणूस निकेल. त्याच्यामुळे ठोकळा जाड असला तरी आतपर्यंत हार्ड होतो आणि मार खाऊन तुटत नाही. एच-१३ म्हणजे १.२३४४. त्यात निकेल मुद्दाम घातलेलं नसतं. क्रोमियम ५, मॉलिब्डेनम १.३, व्हॅनेडियम १ टक्का. हे स्टील गरम असताना कडकपणा सोडत नाही, डीबी-६ त्या मानाने लवकर नरमतं.

आता हॅमर आणि प्रेस यांतला फरक. हॅमरवर बाराशे डिग्रीचा जॉब डायला प्रत्येक ठोक्यात क्षणभरच टेकतो. प्रेसवर तो जास्त वेळ चिकटून बसतो, त्यामुळे डायच्या कातडीत उष्णता खोलवर जाते. म्हणून प्रेसच्या डाय बहुतेक उष्णतेने मरतात आणि हॅमरच्या धक्क्याने. प्रेसच्या इन्सर्टला (डायमध्ये बसवलेल्या वेगळ्या तुकड्याला) ४६ ते ५० एचआरसीचं (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप) एच-१३ शोभतं. तेच आहे तसं हॅमरवर चढवणं म्हणजे काचेच्या पाट्यावर वाटण वाटणं.

हे मी स्वतः करून पाहिलंय. एका लिव्हरच्या डायची फ्लॅश लँडजवळची (साच्याच्या काठाची पट्टी, जिथून जादा माल बाहेर निघतो) कड सारखी दबायची, म्हणून मी हौसेने पूर्ण ब्लॉक एच-१३ चा केला आणि ४८ एचआरसीला ठेवला. डिसेंबरमधली सकाळची शिफ्ट, डाय नीट तापवलेली नाही. चाळीस नगही झाले नसतील, डोव्हटेलच्या (डाय हॅमरमध्ये पकडून ठेवणाऱ्या तिरक्या भागाच्या) कोपऱ्यापासून वरपर्यंत उभा तडा. आवाज ऑफिसात ऐकू आला! स्टीलला शिव्या देऊन झाल्यावर मी डोव्हटेलचा कोपरा पाहिला, तर तिथे रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, जवळजवळ नव्हताच. कडकपणा जास्त, कोपरा धारदार आणि डाय थंड, अशा तीन चुका, आणि तिन्ही माझ्या.

म्हणून तुमची मेलेली डाय समोर घ्या. उभा किंवा कोपऱ्यातून निघालेला तडा असेल तर एच-१३ चं नाव काढू नका. डीबी-६ च ठेवा, ३८ ते ४२ एचआरसी, इम्प्रेशन (डायमध्ये कोरलेला मालाचा आकार) खोल असेल तर ३८ च्या जवळ. कोपऱ्यांचे रेडियस वाढवा आणि शिफ्टच्या सुरुवातीला डाय दोनशे-अडीचशे डिग्रीपर्यंत तापवा. तापवलेले लोखंडी ठोकळे दोन डायच्या मध्ये ठेवायची जुनी पद्धत बर्नर एकाच जागी रोखून धरण्यापेक्षा चांगली, डाय सगळीकडून सारखी तापते.

कड गोल झाली असेल, माप वाढलं असेल, तर तिथला कडकपणा मोजा. ४२ चा ३४ झालेला दिसला, तर पृष्ठभाग टेम्परिंगच्या (हार्ड केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवण्याच्या) तापमानापलीकडे तापून नरमलाय. इथे मात्र एच-१३ ला काम आहे, पण फक्त इन्सर्ट म्हणून, डीबी-६ च्या ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेला, ४२ ते ४६ एचआरसी. कडकपणा शाबूत आहे आणि फक्त घासलं असेल, तर आधी स्केल बघा. भट्टीतून आलेल्या बिलेटची (घडवायच्या लोखंडी तुकड्याची) पापुद्री झटकली नाही तर ती डायला सँडपेपरसारखी घासते. त्यावर नायट्रायडिंगही (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक थर करणं) चालतं, पण तो थर पातळ आणि ठिसूळ असतो, कोपरा धारदार असेल तर तिथूनच उडतो.

जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर फवाऱ्याकडे बघा. डायवर वंगण म्हणून मारायच्या ग्रॅफाइटच्या नावाखाली पोरं नुसतं पाणी मारतात, आणि तापलेली कातडी एकदम गार होऊन तडकते.

खर्चाची एक बाजू पुरवठादार सांगत नाही. डीबी-६ चा ब्लॉक हार्ड करूनच मिळतो, थेट मिलिंगला लावता येतो. घासला की वरून छिलून पुन्हा इम्प्रेशन काढता येतं, आणि असं अनेकदा. एच-१३ मध्ये रफिंग, मग १०२० ते १०४० डिग्रीला हार्डनिंग, निदान दोनदा टेम्परिंग, मग फिनिशिंग, आणि मधे वाकलं तर तुमचं नशीब.

एच-१३ घेतलंच तर कापण्याआधी स्पेक्ट्रो (स्टीलमध्ये काय किती आहे ते मोजणारी तपासणी) करून घ्या. सर्टिफिकेटवर एच-१३ आणि रिपोर्टमध्ये व्हॅनेडियम ०.४ टक्के असेल, तर ते एच-११ आहे. ही फसवणूकच, पैसे कापा. गंमत अशी की हॅमरवर एच-११ त्यातल्या त्यात बरं, ते जरा जास्त चिवट असतं.

पूर्ण ब्लॉकची ऑर्डर आत्ता देऊ नका. मेलेल्या डायचा फोटो इथे टाका, फ्लॅश लँड आणि डोव्हटेल दोन्ही दिसतील असा, आणि सोबत दोन्ही जागांचं एचआरसी लिहा.