सुट्टीत जत्रेतले सामने, मामाचं दुकान की सराव?

प्रश्न : आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. थोडं भात, थोडी रताळी, काजूची काही झाडं. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलाय. कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करतो. ‘कॉलेज उघडलं की शिबिर आहे, तयारीत या’ एवढंच सांगून सरांनी पाठवलंय. सुट्टीभर जत्रांमधले सामने खेळतो म्हणतो, त्यात चार पैसेही सुटतात. बाकी वेळ अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचे व्हिडिओ बघून जिमला जातो आणि प्रोटीनचा डबा मागतो. त्याचे मामा म्हापशाला दुकान चालवतात, ते म्हणतात दोन महिने इकडे पाठवा. मला वाटतं शेतात राबला तर घरचं कामही होईल आणि व्यायामही. गेल्या हंगामात त्याचा घोटा मुरगळला होता, अजून अधूनमधून सुजतो. सुट्टीत त्याने काय करावं? आणि खेळात पुढे काही आहे का? — एक पालक

उत्तर : नमस्कार. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत. घोटा अजून सुजतो. बाकीचं त्यानंतर बघू.

मुरगळलेला पाय दुखायचा थांबला की तो बरा झाला असं आपण धरून चालतो. दुखणं जातं, पण सांध्याची ताकद आणि तोल सावरायची सवय आपोआप परत येत नाही. म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. चढाईत जादा गुणासाठी बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा तेव्हा दुसरा हवेत असतो, सगळा भार एकाच घोट्यावर येतो आणि कोपऱ्यातला गडी नेमकी त्यावरच झेप घेतो. चिरंजीवांना आज संध्याकाळी अंगणात अनवाणी, एका पायावर, डोळे मिटून उभं राहायला सांगा. आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या पायावर. पडलाच तर धरायला तुम्ही शेजारी उभे राहा. दोन पायांतला फरक तुम्हालाच दिसेल. तो दिसो न दिसो, सूज येते आहे म्हणजे सिव्हिलला हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या आणि ते रोज करून घ्या. तेल लावून चोळल्याने बरं वाटतं, ताकद येत नाही.

आता जत्रा. या सामन्यांना माझा सरसकट विरोध नाही. आपल्या भागातली कितीतरी पोरं त्याच मातीतून वर आली, आणि गच्च गर्दीपुढे चढाई करायची भीड तिथेच चेपते. पण सामन्याची वेळ रात्री नऊची सांगतात आणि बोलावतात मध्यरात्री. जिंकत गेलं तर एका रात्रीत तीन-तीन सामने. उन्हाने भाजून कडक झालेली जमीन, अंग गरम करायला जागा नाही, जेवणाचा पत्ता नाही, आणि पहाटे मोटारसायकलवर तिघं बसून घरी. दोन दिवसांनी पुढची जत्रा. लिगामेंट तुटलं तर आयोजक शाल-नारळ घेऊन घरी येतील, ऑपरेशनचा खर्च मात्र तुमचा. शिवाय त्या ढालीला नोकरीच्या अर्जात काडीची किंमत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की डॉक्टरांनी हो म्हटलं तरच खेळू द्या, तेही आपल्या गावच्या आणि फार तर पाव्हण्यांच्या जत्रेत, आणि मे संपला की बंद. मित्र चिडवतील. चिडवू देत.

अमेरिकेच्या व्हिडिओंचं म्हणाल तर त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धंच दिसतं. तिथल्या कॉलेज फुटबॉलचा (आपला नव्हे, हातात चेंडू घेऊन धावायचा) हंगामापूर्वीचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात बरेच खेळाडू कॉलेजातच राहतात, एखाद-दुसरा विषय उरकतात, काही जण कुठे इंटर्नशिप करतात, आणि ताकदीच्या व्यायामासाठी नेमलेला वेगळा प्रशिक्षक त्यांच्याकडून वजनं उचलून घेतो. हाताशी फिजिओ असतो, खानावळ असते. रीलमध्ये दिसतो तो लोखंडी बार. त्यामागचं वेळापत्रक आणि रात्रीची झोप दिसत नाही.

त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते एवढंच, की सुट्टीचे टप्पे पाडावेत. पहिले दोन आठवडे कबड्डी नाही. घोट्याचे व्यायाम, चालणं, येत असेल तर विहिरीत पोहणं आणि भरपूर झोप. यापेक्षा जास्त आराम मात्र नको. तीन-चार आठवडे काहीच केलं नाही तर दम उतरतो आणि तो शिबिरात परत कमवायला गेलं की स्नायू दगा देतात. मग महिनाभर सकाळी हलकं धावणं, आणि आठवड्यातून तीन दिवस मांड्या, पाठ व पोटासाठी ताकदीचे व्यायाम. शेवटचे तीन आठवडे खेळाला धरून. कबड्डीत 20-20 मिनिटांचे दोन डाव असतात आणि एक चढाई 30 सेकंदांची. त्यामुळे दहा किलोमीटर रेटत धावून उपयोग थोडा. जोरात छोट्या धावा, एकदम थांबणं, दिशा बदलणं, मध्ये पुरेशी विश्रांती, असं हवं. सगळं सकाळी आठच्या आत उरकावं. वळीव पडून गेल्यावर हवा दमट होते तेव्हा तर जास्तच जपायला हवं. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा. जितके किलो कमी भरेल त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं करून पोटात जायला हवं, जोडीला मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत.

शेतात राबला तर व्यायाम होईल, हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काजू वेचून, पोती उचलून अंग चिवट होतं, पण चपळाई येत नाही आणि दिवसभर वाकून कंबर धरते ती वेगळीच. काम करू देच, घरचं काम आहे. पण सकाळी सराव झाला असेल तर दुपार विश्रांतीची ठेवा, कामाला चारनंतर न्या. मेअखेरीस धूळवाफ पेरणीची घाई असेल त्या दिवशी जिम बंद. एका दिवशी जिम आणि पेरणी दोन्ही नको.

प्रोटीनचा डबा घेऊ नका. सत्तर किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 110 ग्रॅम प्रथिनं पुरतात, आणि अंडी, दूध, हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे, घरात खात असाल तर मासे-चिकन यातून ती मिळतात. पैशांपेक्षा मोठं कारण दुसरं आहे. जिमच्या ओळखीने मिळणाऱ्या डब्यात काय मिसळलंय हे कुणी सांगू शकत नाही, आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

म्हापशाला पाठवू नका. मामांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण दिवसभर दुकानात उभं राहून तो घोटा सुधारणार नाही आणि सरावही बुडेल. कमाईच हवी असेल तर बेळगावात एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात अर्धा दिवस बसवा. जुलैअखेरपर्यंत आयकर रिटर्नची धांदल असते, हाताखाली बी.कॉम.ची पोरं त्यांना हवीच असतात. पैसे थोडे मिळतील, पण जीएसटी आणि टॅली हाताखालून जाईल, आणि पदवीला ते कामाचं आहे.

खेळात पुढे काय, याचं उत्तर त्याच्या हातातल्या प्रमाणपत्रांवर आहे. कॉलेजकडून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात निवड, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि त्यात वरच्या संघांत आलात तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू भरतीत या पातळीवरचे कागद बघतात. तुमच्याच भागातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवलं, म्हणजे आपल्या गावांतून वाट आहे. पण ती अरुंद आहे हेही त्याला सांगा. संघात निवड नाही झाली तरी पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. करून शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला तर प्रशिक्षकपदाची तोंडओळख होते. सैन्यभरती मनात असेल तर हिशेब वेगळा. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं तर पूर्ण 60 गुण आणि दहा पुल-अप्सना 40. कबड्डीच्या दमावर ते निघत नाही, त्याची तयारी स्वतंत्र करावी लागते.

आणखी एक, जे सीमाभागातल्या पालकांना मी नेहमी सांगते. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काहीही असो, मुलाला कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. कर्नाटकातली सरकारी नोकरी त्याशिवाय नाही, आणि विद्यापीठाच्या संघात निम्मी पोरं कन्नड बोलणारी असतील. सुट्टीत रोज अर्धा तास कन्नड वर्तमानपत्र मोठ्याने वाचू द्या. तुमचं गाव महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या 865 सीमावर्ती गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्राच्या नोकरभरतीतही अर्ज करता येतो. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला रांग लागते.

या आठवड्यात सरांना फोन करायला लावा. शिबिराची तारीख विचारायची, घोट्याचं सगळं सांगायचं, आणि सराव मातीत आहे की मॅटवर तेही विचारायचं. मॅटवर असेल तर बूट आत्ताच घ्या आणि पंधरा दिवस घालून मऊ करा. नवे कोरे बूट घालून शिबिरात गेला तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतील.