विशेषांकावर समाधान मानू नकोस

प्रिय मुली,

गडद वर्णाची मॉडेल मुखपृष्ठावर घ्यायचा तुझा प्रस्ताव ‘वर्षअखेरच्या विशेषांकात बघू’ म्हणून बाजूला ठेवला गेला. याला होकार समजू की नकार, असं तू विचारतेस. नकारच समज.

एडवर्ड एनिनफुलचं उदाहरण तू दिलंस, पण २०१७ पासून, म्हणजे तो ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकाचा पहिला कृष्णवर्णीय संपादक झाला तिथून. त्याआधीचं वाच. घानात जन्म, आई शिवणकाम करणारी, लंडनमध्ये वाढला आणि १८व्या वर्षी ‘आय-डी’ मासिकाचा फॅशन डायरेक्टर! जुलै २००८ मध्ये संपादक फ्रांका सोझानीने इटालियन ‘व्होग’चा अंक कृष्णवर्णीय मॉडेल्सना वाहिला, त्यातही त्याचं काम होतं. तो अंक हातोहात संपला, पुन्हा छापावा लागला. ‘असे चेहरे खपत नाहीत’ हे म्हणणं तिथेच खोटं पडलं.

मग काय झालं? २०१३ मध्ये एकेकाळची कृष्णवर्णीय मॉडेल बेथान हार्डिसन हिला न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसच्या फॅशन संस्थांना जाहीर पत्रं लिहावी लागली, रॅम्पवर कृष्णवर्णीय मुलगी एखादीच दिसते, नाहीतर दिसतच नाही म्हणून. एका गाजलेल्या अंकाने एवढंच होतं. म्हणून सांगते, नेहमीचा अंक माग. एडवर्डने तेच केलं. डिसेंबर २०१७ च्या पहिल्याच मुखपृष्ठावर घानाशी नातं असलेली मॉडेल अ‍ॅडवोआ अबोआ. २०२० मध्ये ८५ वर्षांच्या अभिनेत्री जूडी डेंच, त्यानंतर रेल्वेचालक, सुईण आणि सुपरमार्केटमधली कर्मचारी. नेहमीचा अंक, नेहमीची जागा!

मला भांडकुदळ म्हणायचे. म्हणोत. याच मुद्द्यावर जाहिरातदार तुटले, चांगली माणसं दुरावली, आणि पुन्हा वेळ आली तर मी तशीच भांडेन. वरच्यांनी ‘पुढे बघू’ म्हणून अडवलेले फोटो कधीच छापले गेले नाहीत. त्या मुलींची उमेदीची वर्षं निघून गेली. ही सल मात्र जात नाही. म्हणूनच तुझं ‘थांबून बघते’ वाचून मला राग आला.

तू हुशार आहेस, तुझी नजर पक्की आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत विशेषांकाचं नावही काढू नकोस. पुढच्याच महिन्याचं मुखपृष्ठ माग. मेकअपवालीकडे त्या मुलीच्या रंगाचं फाउंडेशन आहे ना, ते आधी विचार. प्रकाशयोजना तिच्या त्वचेला शोभेल अशी करून घे. रिटचिंगला स्वतः बस आणि तिला उजळवू देऊ नकोस. फोटो टेबलावर ठेवून मगच बोल. पुन्हा ‘विशेषांकात बघू’ म्हणाले, तर त्याच रात्री मला फोन कर.

तुझी,
ताई