कशातच रस नसलेली मुले

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तेरा ते सोळा या वयाच्या ज्या मुलामुलींच्या मार्गदर्शनाचे काम तू नुकतेच हाती घेतले आहेस, त्यांच्यापैकी निम्म्यांना कशातच रस नाही, सुरुवातीचा उत्साह आठवड्याभरात ओसरतो आणि मग नुसते मागे लागावे लागते, अशी तुझी तक्रार आहे. त्यांना पेटवणारे एखादे भाषण किंवा एखादी युक्ती मी सुचवावी, अशी अपेक्षाही तू व्यक्त केली आहेस. भाषणाचा विषय आधी निकालात काढतो. यशस्वी माणसाची कहाणी ऐकून मुले भारावतात हे खरे, पण ते भारावलेपण दुसऱ्या दिवसापर्यंतही क्वचितच टिकते, आणि कहाणी फारच मोठ्या माणसाची असली तर 'हे आपल्याला जमणारे नव्हे' एवढाच धडा घेऊन काही मुले घरी जातात. भाषण द्यावेसे वाटले तर जरूर दे, पण त्यावर विसंबू नकोस.

'कशातच रस नाही' हे वाक्य मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये असे मला वाटते. ज्या मुलाबद्दल ते बोलले जाते तोच मुलगा मोबाइलवरच्या एखाद्या खेळातल्या अवघड टप्प्याशी तासन्तास झुंजतो, हरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि त्यातल्या बारकाव्यांवर मित्रांशी हिरिरीने वाद घालतो. चिकाटी, एकाग्रता, अपयश पचवण्याची तयारी हे सगळे त्याच्याजवळ आहे. आपण नेमून दिलेल्या कामाच्या वाट्याला ते येत नाही, एवढेच. म्हणून या विशिष्ट कामातली गोडी कशामुळे आटली, हे आधी शोधावे. कारणे फार थोडी निघतात. काम स्वतःचे वाटत नाही, ते आपल्याला जमेल असे वाटत नाही, किंवा आपण ते केले काय आणि न केले काय, कोणालाच फरक पडत नाही असे वाटते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्तता, क्षमता आणि आपलेपणा या ज्या तीन मूलभूत मानसिक गरजा मानल्या आहेत, त्यांच्याशी ही कारणे ताडून पाहता येतील. यांपैकी पहिल्या गरजेकडे आपण मोठी माणसे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

बालपणातून कुमारवयात येताना शाळेच्या अभ्यासातली गोडी सरासरीने कमी होत जाते. जॅकलिन एकल्स आणि कॅरोल मिजली यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याची जी मीमांसा मांडली, ती मला आजही सर्वांत पटते. या वयात स्वतः ठरवण्याची ओढ वाढते, इतर आपल्याकडे कसे पाहतात याची जाणीव तीव्र होते आणि आईवडिलांखेरीज एखाद्या मोठ्या माणसाच्या आधाराची गरज भासू लागते; नेमक्या त्याच सुमारास शाळेतले नियंत्रण वाढते, गुणांची तुलना उघडपणे होऊ लागते, आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आल्यामुळे कोणाशीच फारशी जवळीक उरत नाही. मुलाची वाढ एका दिशेने चाललेली असते आणि भोवतालची व्यवस्था नेमकी उलट दिशेने. तेव्हा आळसाला स्वभावदोष समजून उपदेश सुरू करण्यापूर्वी, तुझ्या गटातल्या तेरा वर्षांच्या मुलीला स्वतः ठरवता येईल असे नेमके काय शिल्लक आहे, हे एकदा कागदावर लिहून पाहा. यादी बहुधा फारच आखूड निघेल.

बक्षिसांविषयी तू विचारले आहेस, ते याच मुद्द्याशी जोडलेले आहे. डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. त्यांतल्या एका गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळाले आणि पुढच्या टप्प्यात ते बंद झाले, तेव्हा मोकळ्या वेळेत आपणहून कोड्यांशी खेळण्याचे त्या गटाचे प्रमाण घटले. दोन वर्षांनी मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांबाबत असेच काही दाखवून दिले. आधी कबूल केलेल्या प्रमाणपत्रासाठी चित्रे काढलेल्या मुलांनी नंतर मोकळ्या वेळेत चित्रकलेला इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. तेच प्रमाणपत्र ज्यांना अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात मात्र अशी घट दिसली नाही. आधी जाहीर केलेले बक्षीस मुलाला नकळत सांगते की हे काम केवळ त्यातल्या गोडीसाठी करण्याजोगे नाही. फळ्यावर लावायचा तुझा गुणतक्ता म्हणूनच मला पसंत नाही, आणि तो सर्वांना दिसणार असल्यामुळे तर अजिबातच नाही. ज्या कामात गोडी असण्याचा प्रश्नच नाही, उदाहरणार्थ साहित्य आवरून जागेवर ठेवणे, तेथे लहानसे बक्षीस फारसे काही बिघडवत नाही. ते खुशाल ठेव.

स्वतः ठरवू द्यावे असे म्हटले की 'मग शिस्तीचे काय' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. १९८४ मध्ये रिचर्ड कोस्टनर, रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना रंगकाम करताना स्वच्छतेचे नियम दोन पद्धतींनी सांगितले. एका गटाला 'चांगली मुले रंग सांडत नाहीत, तसे वागा' या थाटाची आज्ञा मिळाली. दुसऱ्या गटाला, रंग उडवायला मजा येते हे मान्य करून, साहित्य पुढच्या मुलांसाठी नीट राहावे म्हणून हा नियम आहे असे कारण सांगितले गेले. नियम तेच होते, पण पहिल्या गटाची रंगकामातली गोडी कमी झाली आणि दुसऱ्याची टिकली. कुमारवयात तर आज्ञेचा सूर अधिकच झोंबतो. तेव्हा काम कंटाळवाणे असेल तर तसे कबूल करावे, ते का करायचे याचे खरे कारण सांगावे ('पुढे उपयोगी पडेल' हे कारण त्यांच्या लेखी कारणच नसते), आणि मर्यादा आखून त्यांच्या आत निवड द्यावी: हे प्रकरण पुढच्या शुक्रवारपर्यंत पूर्ण व्हायला हवे, पण कुठून सुरू करायचे, एकट्याने की जोडीने, आणि समजले हे लिहून दाखवायचे की समजावून सांगून, हे तू ठरव. अशी निवड दिल्यावर मुलाने तुझ्या मते चुकीची वाट धरली, तर लगेच हस्तक्षेप करण्याचा मोह होईल. तो आवरावा लागेल. आपल्याला हवी तीच निवड होईपर्यंत दिलेले स्वातंत्र्य मुले चटकन ओळखतात आणि मग पुढची कोणतीही निवड मनापासून करत नाहीत.

जमेल असे न वाटणे हे कारण ओळखायला अधिक अवघड आहे, कारण ते स्वतःच्या नावाने समोर येत नाही. 'हे बोअर आहे', 'याचा उपयोग काय', 'मला नाही आवडत' असे म्हणणारा मुलगा पुष्कळदा 'मला येत नाही' असेच सांगत असतो. समवयस्कांसमोर न येणाऱ्यापेक्षा न करणारा ठरणे त्याला सुसह्य वाटते. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या, गणिताची नावड असलेल्या लहान मुलांबरोबर केलेला अभ्यास अशा वेळी आठवावा. वजाबाकीची ४२ पाने ७ बैठकांत सोडवायची होती. काहींना दर बैठकीत निदान ६ पाने असे जवळचे उद्दिष्ट सुचवले होते, काहींना शेवटच्या बैठकीअखेर सर्व पाने असे दूरचे. हिशेब एकच, पण जवळचे उद्दिष्ट असलेली मुले अधिक शिकली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि आधी नकोशा वाटणाऱ्या त्या उदाहरणांत त्यांना रसही वाटू लागला. आवड आधी निर्माण व्हावी आणि मग काम सुरू व्हावे, अशी वाट पाहण्यात आपण बराच काळ घालवतो. प्रत्यक्षात थोडेसे जमल्यावर आवड मागाहून येते, असेच अधिक वेळा घडते. म्हणून अडलेल्या मुलाबरोबर बसून तो नेमका कुठे अडला आहे ती पायरी शोध, मग ती दोन वर्षांपूर्वीच्या अभ्यासातली निघाली तरी चालेल, आणि आजच्या आज पूर्ण होईल एवढा तुकडा त्याच्यासमोर ठेव. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात नाट्य काहीच नाही, तरी तुझा सर्वाधिक वेळ त्यावरच जावा.

शाबासकी देताना 'किती हुशार आहेस' असे म्हणू नये, हे तू बहुधा ऐकले असशील. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढच्या अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर खचली, मेहनतीचे कौतुक झालेली अधिक टिकली. पण या विचाराचा हल्ली जो गाजावाजा होतो त्यापासून सावध राहा. बुद्धी वाढवता येते हे पटवून देणाऱ्या, तासाभराहूनही छोट्या ऑनलाइन उपक्रमाची अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर घेतलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अभ्यासात मागे असलेल्यांच्या गुणांत त्यामुळे झालेली वाढ शून्य ते चार अशा अमेरिकी गुणमापावर सुमारे ०.१ एवढीच होती. इतक्या अल्प प्रयत्नाला ते फळ वाईट नाही, पण जादूही नाही. आणि काम चुकलेले असताना नुसते 'मेहनत घेतलीस हो' म्हटले, तर पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात दया ऐकू येते. 'दुसऱ्या परिच्छेदातले उदाहरण बदललेस, त्यामुळे मुद्दा कळला. शेवट अजून सैल आहे' असे नेमके बोलावे.

सुरू झालेले टिकवण्यासाठी इच्छाशक्तीच्या आणाभाका घेण्यापेक्षा कृती एखाद्या वेळेला आणि जागेला बांधून टाकणे अधिक उपयोगी पडते. पीटर गोलविट्झर यांनी 'असे झाले की मी तसे करीन' या साच्यातल्या संकल्पांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. 'रोज अभ्यास करीन' याहून 'संध्याकाळी दप्तर टेबलावर ठेवले की मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवीन आणि पहिले उदाहरण वहीत उतरवीन' हा संकल्प पाळला जाण्याची शक्यता जास्त असते. वाक्य मात्र मुलाने स्वतः रचलेले असावे. खंड पडेलच, तेव्हा चौकशी आयोग न बसवता पुढचा दिवस कोणता, एवढेच ठरवावे. धरसोडीबद्दल पालक जितके अस्वस्थ होतात तितका मी होत नाही, कारण हे वय करून पाहण्याचेच आहे. एक पथ्य मात्र पाळायला सांगतो: सोडायचे की नाही याचा निर्णय आधी ठरवलेल्या तारखेला घ्यावा, हरलेल्या किंवा अपमान झालेल्या दिवशी घेऊ नये.

झोपेकडेही लक्ष दे. कुमारवयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते, झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, आणि १३ ते १८ या वयाला लागणारी ८ ते १० तासांची झोप पहाटे उठावे लागणाऱ्या मुलांना मिळत नाही. सकाळचा त्यांचा निरुत्साह कित्येकदा तेवढाच असतो.

आता तुझ्या पत्रातल्या त्या मुलाविषयी, ज्याने अभ्यासाबरोबर आवडता फुटबॉलही सोडला आहे आणि जो मित्रांतही मिसळत नाही. वर लिहिलेले काहीही त्याच्यावर करून पाहू नकोस. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतलाही रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असणे, झोप किंवा भूक बदलणे, स्वतःला कुचकामी म्हणणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि तेथे प्रेरणेचा प्रश्न नसून उपचारांचा असतो. त्याला बाजूला घेऊन, तू खेळायला येत नाहीस हे माझ्या लक्षात आले आहे, एवढे सांग आणि मग ऐक. कोणाला सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नकोस. जीव नकोसा झाल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे त्याने सुचवले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी पालकांना आणि डॉक्टरांना कळवायचे. तसे काही नसले तरी पालकांशी बोलून मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवायची. गुणतक्त्याचा आणि गटाच्या वेळापत्रकाचा विचार नंतर करता येईल, हे बोलणे उद्याच होऊ दे आणि काय झाले ते मला कळव.

तुझा,
एक जुना सहकारी