जामीन कोण राहणार? 'इस्लामी सॉलिडॅरिटी'ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आला आहे: 'मालदीवविषयीचा एक मजकूर मराठीत आणतो आहे. इंग्रजीतल्या "सॉलिडॅरिटी" आणि "कोऑपरेशन" या जोडीपाशी गाडी अडली. माझं वाक्य झालं, "मालदीवने इस्लामी एकजुटता आणि सहकाराप्रति आपली प्रतिबद्धता दोहरवली." घरी वाचून दाखवलं तर सगळे हसले. एकता, एकजूट, ऐक्य, बंधुभाव यांतलं नेमकं काय घ्यावं? सहकार की सहकार्य? आणि मालदीव लिहायचं की मालदीव्ज?'

हसणाऱ्यांचं काही चुकलं नाही. 'एकजुटता', 'प्रति', 'प्रतिबद्धता', 'दोहरवली' हे सगळं हिंदीचं सामान आहे, फक्त 'ने' आणि 'ली' आपलं. मराठीत माणूस एखाद्या गोष्टीला बांधील असतो किंवा वचनबद्ध असतो. तिच्या'प्रति' काही नसतो. 'दोहरवली'ऐवजी 'पुन्हा सांगितलं' म्हटलं तरी भागतं.

'सहकार' या शब्दावर मात्र मी जरा थांबेन. माझी नोकरी एका पतसंस्थेत, कर्जविभागात गेली, त्यामुळे या शब्दाचा वास मला दुरूनही येतो. संस्कृतात सहकार म्हणजे सुगंधी आंबा. आज महाराष्ट्रात त्या शब्दाला मळीचा वास येतो. प्रवरानगरचा साखर कारखाना, दूधसंघ, सोसायटी, संचालक मंडळाची निवडणूक, १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, एवढं सगळं त्या चार अक्षरांत बसलं आहे. 'इस्लामी सहकार संघटना' असं वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे पासबुक आणि ठेवीचे व्याजदर येतात. तेव्हा इथे 'सहकार्य'च घ्या. ओआयसी या इस्लामी देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी 'इस्लामी सहकार्य संघटना' हे नाव बातम्यांतून रुळलंही आहे. 'इस्लामिक' नको. 'सरकारी', 'सुलतानी' यांना लागतो तोच ईकार 'इस्लामी'त आहे आणि तो आपल्याकडे शतकानुशतकं नांदतो आहे. 'इक' इंग्रजीच्या वाटेने आला.

आता मुख्य मुद्दा, सॉलिडॅरिटी. इस्लामी राष्ट्रांच्या संदर्भात हा शब्द येतो तेव्हा त्यामागे बहुधा अरबी 'तदामुन' उभा असतो. सौदी अरबस्तानचे राजे फैसल यांनी १९६० च्या दशकात 'तदामुन इस्लामी'ची हाक दिली, ती इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या अरब राष्ट्रवादाला उत्तर म्हणून. २१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेमच्या अल्-अक्सा मशिदीला आग लावली गेली आणि महिन्याभराने मोरोक्कोतल्या रबातला इस्लामी देशांची शिखर परिषद भरली. त्यातून ओआयसी उभी राहिली. १९७२ च्या तिच्या सनदेत पहिलं उद्दिष्ट सदस्य देशांमधली इस्लामी सॉलिडॅरिटी वाढवणं हे आहे, आणि सहकार्य त्याच्यानंतर, वेगळं. म्हणजे ही जोडी अलंकारासाठी आलेली नाही. तिथे दोन शब्द दोन कामं करतात, आणि भाषांतरात ते एकमेकांत मिसळू नयेत ही तुमची काळजी रास्त आहे.

'तदामुन' ऐकून काही ओळखीचं वाटतं का? सहसा वाटत नाही, कारण मधे फारसी उभी आहे. त्यातला 'द' साधा नाही. अरबीत 'दाद' नावाचं एक जड, घोटून उच्चारायचं अक्षर आहे. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात. इराणात त्या अक्षराचा 'झ'सारखा उच्चार झाला आणि तिथून ते आपल्याकडे 'ज' होऊन उतरलं. म्हणून अरबांचा 'रमदान' आपला रमजान, आणि 'कादी' आपला काझी. एकदा हे ध्यानात आलं की मराठीत दाद जागोजाग सापडू लागतो. गरज, अर्ज, कर्ज, हजर, मर्जी, रजा, जरूर, कब्जा, जप्ती, झालंच तर जिल्हा. आमच्या कर्जविभागाचा अख्खा कारभार एका अरबी अक्षरावर चालत होता, आणि ते मला निवृत्त झाल्यावर कळलं. आधी गरज, मग अर्ज, मग कर्ज, आणि नशीब फिरलं तर जप्ती.

या यादीतला एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता: जामीन. 'तदामुन' आणि 'जामीन' सख्खे भाऊ आहेत. दोघांचं मूळ एकच, दाद-मीम-नून, अर्थ हमी घेणं. अरबी 'दामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. आपल्याकडेही 'जामीन' आधी माणूसच होता. 'अमका त्याला जामीन राहिला' या प्रयोगात तो अजून माणूस आहे. पुढे जामीन म्हणजे कोर्टातून मिळणारी सुटका झाली, आणि मूळच्या माणसासाठी 'जामीनदार' असा वर आणखी एक शेपूट लावलेला शब्द घ्यावा लागला.

'तदामुन'चा साचाही पाहण्यासारखा आहे. अरबीत धातू एका ठरावीक साच्यात ओतला की 'एकमेकांना' हा अर्थ आपोआप मिळतो. तदामुन त्या साच्यातला, म्हणजे एकमेकांना जामीन राहणं. सहकार्यासाठीचा 'तआवुन'ही त्याच साच्यातला, एकमेकांना मदत करणं. कुराणात पाचव्या सूरेच्या दुसऱ्या आयतीत सत्कर्मात एकमेकांना साहाय्य करा अशी आज्ञा आहे, तिथलं क्रियापद हेच. ओआयसीच्या नावात पूर्वी 'परिषद' (कॉन्फरन्स) हा शब्द होता. २८ जून २०११ रोजी कझाकस्तानातल्या अस्ताना इथे तो बदलून 'तआवुन' (कोऑपरेशन) आलं. इंग्रजीत दोन्ही शब्दांचं आद्याक्षर एकच असल्याने ओआयसी ही अक्षरं तशीच राहिली आणि नाव बदलल्याचं बऱ्याच जणांना कळलंही नाही.

आपल्या जुन्या व्यवहारातही याच्या जवळ जाणारी एक गोष्ट होती. हाजिरजामीन म्हणजे माणूस हजर करण्याची हमी, मालजामीन म्हणजे पैशाची, आणि साखळी जामीन म्हणजे पहिल्याला दुसरा जामीन, दुसऱ्याला तिसरा, अशी पुढे चालत जाणारी ओळ. तदामुनचं चित्र मला या साखळीत दिसतं. गंमत अशी की युरोपातल्या 'सॉलिडॅरिटी'चंही कूळ हेच आहे. रोमन कायद्यात एकाच कर्जाला अनेक ऋणको असले की प्रत्येक जण 'इन सॉलिडम', म्हणजे सगळ्याच्या सगळ्या रकमेला बांधलेला. आमच्या कर्जरोख्यावर 'संयुक्तपणे व पृथकपणे' असं छापलेलं असायचं, तेच. सही करताना ती ओळ कुणी वाचत नसे. पहिली नोटीस आल्यावर मात्र सगळे वाचत.

म्हणून ऐक्य, एकता, एकी हे शब्द इथे मला थोडे बाजूला पडलेले वाटतात. ऐक्यात दोघांचं एक होतं. जामीन राहण्यात दोघं वेगळेच राहतात, आपापल्या घरी, आपापल्या सातबाऱ्यासकट, फक्त एकाच्या अडचणीत दुसऱ्याची मान अडकलेली असते. बंधुभाव ही भावना झाली, आणि तिच्यासाठी अरबीत 'उखुव्वत' हा वेगळा शब्द आहेच.

खुद्द मालदीवची बोली मात्र या बाबतीत अरबांपेक्षा आपल्या बाजूची आहे. दिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, म्हणजे आपल्याच आर्यकुळातली. देशाला ते 'दिवेही राज्जे' म्हणतात. दिवेहीत द्वीप ऐकू येतं, राज्जेत राज्य. सहकार्याला त्यांचा शब्द 'एब्बारुलुन': एक, बळ, घालणं. कराराला 'एह्बस्वुन': एक, बोल, होणं. आपली 'एकवाक्यता' अगदी याच चालीची. एकी, एकोपा, एकजूट, एकमत असे आपले झाडून सगळे शब्द 'एक'पासून सुरू होतात, तसेच त्यांचेही. ११५३ मध्ये तिथला राजा मुसलमान झाला, १३४३ च्या सुमारास इब्न बतूता तिथे येऊन काझी झाला, तरी रोजच्या धर्माचे काही शब्द त्यांनी अरबीतून न घेता फारसीतून घेतले. नमाज त्यांच्याकडे 'नमादु' आणि रोजा 'रोदा'. मालदीवचा मंत्री जेद्दात, ओआयसीच्या मुख्यालयी, अरबी वळणाने बोलतो आणि राजधानी मालेत घरच्या वळणाने. आपले मंत्री दिल्लीत नि गावात बोलतात तसंच काहीसं.

तर हा देश कुणाला आणि कधी जामीन राहिला, हे पाहिलं की तुमच्या वाक्याला वजन येईल. २६ जुलै १९६५ ला स्वतंत्र झाला, १९७६ मध्ये ओआयसीत गेला. सुमारे १,२०० बेटं, पण सगळी जमीन मिळून ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास. २००८ च्या घटनेनुसार मुसलमान नसलेला माणूस तिथला नागरिक होऊ शकत नाही. ओआयसीचे सगळे ५७ सदस्य असे नाहीत. युगांडा, गॅबन, गयाना, सुरिनाम इथे मुसलमान अल्पसंख्य आहेत. म्हणून मालदीवला 'मुस्लिम राष्ट्र' म्हणताना शब्दाचा अर्थ पुरेपूर भरतो. मालेतली सोनेरी घुमटाची मोठी मशीद १९८४ मध्ये उघडली, ती आखाती देश, पाकिस्तान, ब्रुनेई, मलेशिया यांच्या मदतीने. ही झाली साखळीची मिळणारी बाजू.

देण्याची बाजू अधिक बोलकी. २०१६ मध्ये मालदीवने इराणशी संबंध तोडले, जून २०१७ मध्ये कतारशी, दोन्ही वेळा सौदीच्या पाठोपाठ. इराण आणि कतार दोघेही त्याच संघटनेचे सदस्य, तेव्हा ही हमी सगळ्यांसाठी सारखी होती असं म्हणवत नाही. २०२० मध्ये रोहिंग्यांसाठी गांबियाने म्यानमारवर भरलेल्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गांबियाच्या बाजूने उतरण्याची घोषणा केली. एप्रिल २०२५ मध्ये इस्रायली पासपोर्टवर प्रवेशबंदीचा कायदा केला. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने काही पाहुण्यांना दार बंद करणं यात खिशाला हात लागतो, म्हणून ही माझ्या मते खरी जामीनकी. आणि मे २०२० मध्ये, ओआयसीच्या राजदूतांच्या बैठकीत इस्लामद्वेषाच्या विषयात एकट्या भारताकडे बोट दाखवणं वस्तुस्थितीला धरून होणार नाही, असं सांगून मालदीवने पाकिस्तानच्या रोख्यावर सही करायचं नाकारलं. ३ नोव्हेंबर १९८८ च्या सशस्त्र उठावाच्या वेळी मालेत भारतीय जवान उतरले होते, ते खातं वेगळ्याच वहीत आहे. शहाणा माणूस प्रत्येक कागदावर सही करत नाही, हे मी कर्जविभागात रोज पाहत होतो.

आता तुमचं वाक्य. मथळ्यात नामच हवं असेल तर 'एकजूट' घ्या. त्यात मोर्चाचा सूर आहे, पण निदान वेगवेगळी माणसं जुटल्याचा अर्थ राहतो, एकजीव झाल्याचा नाही. 'एकजुटता' नको, 'एकजूट' आधीच नाम आहे. 'जामीनकी' लिहिण्याचा मोह मला होतो, पण बातमीत ती आली तर वाचक विचारेल, कुणाला अटक झाली? मजकुरात मात्र क्रियापदाकडे वळा: 'इस्लामी देशांच्या पाठीशी उभं राहायला आणि त्यांच्याशी सहकार्य करायला आपण बांधील आहोत, असं मालदीवने पुन्हा सांगितलं.' 'पाठीशी उभं राहणं' यात वेळ आल्यावर अंगावर घेण्याचा अर्थ आपसूक येतो. 'वचनबद्ध'पेक्षा इथे मला 'बांधील' बरं वाटतं. वचन तोंडाने दिलेलं असतं, बांधील माणूस न बोलताही असतो.

राहिलं मालदीव्ज. तो 'ज' इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्यय आहे. आपण फिलिपिन्स लिहितो म्हणून इथेही लिहावं असं नाही, कारण 'दीव' आपल्याला दमणच्या जोडीचं ठाऊक आहे, लक्षद्वीपातलं 'द्वीप'ही. मालदीव, एकवचनी, 'मालदीवने', 'मालदीवला'. बेटांविषयी बोलायचं असेल तेव्हा 'मालदीवची बेटं'.