आकाश निरभ्र असतानाही ओझोनमुळे दमा बळावतो का?

हो, बळावतो. तुम्ही लिहिलंय की लख्ख ऊन असतं, धूर-धूळ काही दिसत नाही, तरी खेळून आलेल्या मुलाला धाप लागते आणि हवेच्या ॲपवर नेमका त्या दिवशी ओझोन चढलेला असतो. मलाही लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे तुमची काळजी चांगलीच समजते.

आपलं रक्षण करणारा ओझोन खूप उंचावर असतो. वायू तोच, पण श्वासातून आत गेला की घातक. जमिनीलगतचा ओझोन कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या-कारखान्यांतले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. म्हणून सकाळी कमी, दुपारनंतर सर्वांत जास्त. शिवाय भर रहदारीच्या चौकात तो बरेचदा कमीच भरतो, कारण गाड्यांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला संपवतो. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेली की ओझोन वाढतो. त्यामुळे गावाबाहेरचं मोकळं मैदान सुरक्षितच असेल, असं धरून चालू नका.

हा वायू किती जहाल आहे पाहा: 1950 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती लवकर चिरा पडतात, यावरून ओझोनचा अंदाज घेत. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाका-घशात सगळा अडकत नाही, थेट बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो. तिथल्या अस्तराला सूज येते, आणि सुजलेल्या नळ्या परागकण, धूळ यांनाही जास्त चिडतात. म्हणूनच कधी कधी त्रास दुसऱ्या दिवशी जाणवतो आणि खरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

नव्याने दमा होतो का, याबद्दल पुरावा अजून तितका पक्का नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या 2002 च्या अभ्यासात, जास्त ओझोनच्या भागात तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्यांत दम्याचं प्रमाण न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त दिसलं होतं. पण असलेला दमा बळावतो, यात शंका नाही.

कृपा करून मुलाचा खेळ बंद करू नका, वेळ बदला. उन्हाळ्यात सकाळीच खेळू द्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे. त्यावर आकडा गेला तर दुपारी घरात, खिडक्या लावून. साधा मास्क किंवा एन-95 हा वायू अडवत नाही. ओझोन सोडून हवा शुद्ध करणारी यंत्रं विकतात, ती तर घरात आणूच नका. आणि डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरं वाटतंय म्हणून मनाने थांबवू नका. नळ्यांची सूज ताब्यात ठेवण्याचं काम तोच करतो. खेळताना दुसरा, तातडीचा पंप मुलाच्या खिशात हवाच, आणि तो कसा घ्यायचा हे त्याच्या प्रशिक्षकालाही दाखवून ठेवा.