दीडपट कशाच्या?

"एएफ निघालं, आता किती वर्षं उरली?" एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार. हृदयरुग्णांशी बोलताना हा प्रश्न चुकत नाही.

एक काका, वय 71. रक्तदाब, मधुमेह आणि अनियमित ठोके. रात्री उठून नाडी धरून बसायचे. मृत्यूचा धोका दीडपट, असं वाचलेलं.

"दीडपट कशाच्या, काका?"

"म्हणजे?"

"समजा, तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखंच बीपी-शुगर असलेल्या, पण एएफ नसलेल्या 100 जणांतले 4 वर्षभरात जातात. दीडपट म्हणजे 6. बाकीचे 94?"

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी स्वतःला त्या सहांतच धरून बसलो होतो."

आधीच्या तीन भेटींतल्या धीराच्या शब्दांनी हे साधलं नव्हतं. भीतीकडे आधी हिशेब मागावा, धीर मागाहून द्यावा, हे माझं जुनं मत.

दीडपटीचा आकडा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीचा, 1998 सालचा: पुरुषांत दीडपट, बायकांत 1.9 पट. पाहणी सुरू झाली 1948 मध्ये. अपिक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तेव्हा कुठे होत्या!

"रक्त पातळ करायची गोळी चुकते?"

"संध्याकाळची, कधीमधी. ठोके ठीक वाटले की राहू देतो."

खरी गोम इथे. ठोके ठीक वाटले तरी डाव्या कर्णिकेच्या कप्प्यात रक्त साकळू शकतं, आणि ती गाठ मेंदूत गेली की पक्षाघात. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीच्या चाचण्यांत पक्षाघात सुमारे दोन तृतीयांशांनी घटले, मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने. ॲस्पिरिनवर भागत नाही.

काकांची अपिक्साबॅन दिवसातून दोनदा. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी. दोन एकदम कधीच नाहीत. दात काढायचा म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅकही परस्पर नको, रक्तस्राव वाढतो. ॲसिट्रॉम या वॉरफरिनच्या जातीच्या गोळीवाल्यांचं गणित वेगळं: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बहुधा 2 ते 3, मेथी-पालक खुशाल खा, पण प्रमाण बदलू नका. संधिवाताच्या तापानं हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना याच जातीची गोळी लागते.

गोळी नियमित घेणाऱ्यांतही बरेच मृत्यू हृदय निकामी होऊन किंवा अचानक थांबून होतात. म्हणून बीपी, वजन, दारू आणि घोरणं, या चारही गोष्टी डॉक्टरांपुढे मांडायला लावल्या. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर थेट 108, हे काकूंना पाठ करून दिलं.

संध्याकाळची गोळी आता देवापाशी दिवा लावताना घेतात. नाडी मात्र अजून रविवारी धरतातच.